आंघोळीचं पाणी: बंबापासून गीझरपर्यंत



गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत अंतर्गत कर्जाचे तीन अर्ज आले. एक शेळीसाठी, एक पोरीच्या कॉलेजच्या फीसाठी आणि तिसरा गीझरसाठी. शेळीला कुणी हरकत घेतली नाही, फीला तर नाहीच नाही. गीझरचं नाव निघाल्यावर मात्र दोघी-तिघी हसल्या. एक मावशी म्हणाल्या, "का गं बाई, चुलीवर पाणी तापायचं बंद झालं का?" अर्ज करणाऱ्या काकू क्षणभर गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "तापतं की. पण पहाटे चारला उठून तापवतं कोण?"

हसणं थांबलं. कर्ज द्यायचं ठरलं. पण कोणता गीझर घ्यायचा, ते काही ठरेना. काकूंच्या मुलाचं म्हणणं, बिनटाकीचा घ्या, नळ सोडला की लगेच गरम पाणी. भावाचं म्हणणं, टाकीचा घ्या, तोच टिकतो. बाजारातला दुकानदार म्हणतो, गॅसचा घ्या, लाइट असो नसो. शेवटी सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, कारण गटाची समन्वयक मी. आता बी.ए.ला माझा इतिहास होता. त्यामुळं कुठलीही वस्तू दिसली की ती आली कुठून, हे मला आधी बघावंसं वाटतं, किंमत नंतर. या वेळी मात्र मला शोधायची दुसरीही गरज होती. ती पुढं सांगते.

सुरुवात आपल्याच घरापासून करू. माझ्या लहानपणी आमच्या न्हाणीच्या बाहेर, परसात, तांब्याचा बंब होता. ज्यांनी पाहिला नाही अशा लेकी-सुनांसाठी सांगते. बंब म्हणजे तांब्याची उंच, गोल टाकी. तिच्या बरोबर मधून वरपासून खालपर्यंत एक नळकांडं गेलेलं. खाली जाळी. नळकांड्यात वरून गोवऱ्या, तुराट्या, चिपाडं, लाकडाच्या ढलप्या टाकायच्या, राख जाळीतून खाली पडायची, धूर वरून निघून जायचा. विस्तवाच्या सगळ्या बाजूंनी पाणी. त्यामुळं उघड्या चुलीवर हंडा ठेवल्यावर जी धग इकडंतिकडं वाया जाते, ती इथं पाण्यालाच मिळायची. एका बाजूला पितळी तोटी, वर पाणी ओतायला तोंड. जेवढं गरम पाणी काढायचं तेवढं गार पाणी वरून ओतायचं, हा आजीचा नियम. बंब कोरडा पडला आणि खाली विस्तव असला की सांधे सुटलेच म्हणून समजा.

पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईपासून तिथं तांबटांची वस्ती. तांब्याचा पत्रा हातोडीनं ठोकून ठोकून आकाराला आणायचा आणि त्यावर मठारकाम करायचं, ही तिथली विद्या. हंडे, घंगाळी, बंब हे सगळं तिथं आणि गावोगावच्या तांबटांकडं घडायचं. दिवाळीच्या आधी आजी आणि आई चिंच लावून बंब घासायच्या, तो लालेलाल चमकायचा. अभ्यंगस्नानाला पाणी त्यातलंच. ज्यांच्याकडं बंब घेण्याची ऐपत नव्हती त्यांच्याकडं तीन दगडांवर हंडा. गोव्याकडं न्हाणीतल्या चुलीवर तांब्याचं मोठं भाण बसवलेलं असायचं. भांडं वेगळं, पण रीत तीच. पाणी साठवायचं, सावकाश तापवायचं आणि मग घंगाळात काढून विसण घालून न्हायचं. विसण हा शब्द आता माझ्या मुलीला समजत नाही. कढत पाण्यात मिसळायचं गार पाणी म्हणजे विसण.

बाळंतिणीच्या घरी तर बंब किंवा चूल दिवसभर पेटलेली. बाळाला न्हाऊ घालायचं, आईच्या अंगाला तेल लावून कढत पाण्यानं शेकायचं, वर धुरी. सव्वा महिना हे चालायचं, आणि त्यासाठी लाकूड आठव्या महिन्यापासूनच साठवायला लागायचं.

आता या बंबाच्या पाण्याला एक रांगही होती. आधी आजोबा, मग वडील आणि काका, मग शाळेची मुलं. आई आणि काकू सगळ्यात शेवटी. तोवर विस्तव विझत आलेला आणि पाणी कोमट. पहाटे उठून तो पेटवणाऱ्या मात्र त्याच दोघी. लाकूड आणणाऱ्याही त्याच. बंबाचं कौतुक करताना ही गोष्ट मी सोडून देत नाही.

तर आपला बंब हा टाकीवाला हीटरच. आता बिनटाकीचा कुठून आला ते बघू. त्यासाठी आधी गीझर या शब्दामागं जावं लागतं.

आपल्याकडं वज्रेश्वरी-गणेशपुरीला गरम पाण्याची कुंडं आहेत. रत्नागिरी जिल्ह्यात राजवाडी, तुरळ, उन्हवरे इथं आहेत, नांदेडकडं उनकेश्वरला आहे. तसे झरे उत्तरेकडच्या आइसलँड नावाच्या बेटावर फार. तिथं एक झरा आहे, त्यातून कढत पाणी मधूनमधून कारंज्यासारखं उंच उसळतं. त्याचं नाव गेसिर, म्हणजे उसळणारा. जगातल्या अशा सगळ्या उसळत्या झऱ्यांना पुढं त्याच्याच नावावरून गीझर म्हणायला लागले.

१८६८ साली लंडनमध्ये बेंजामिन वॅडी मॉन नावाच्या एका रंगकाम करणाऱ्या कारागिरानं पाणी तापवायचं एक यंत्र काढलं आणि त्याला हेच नाव दिलं. लंडनला तेव्हा कितीतरी घरांत नळातून गॅस येत होता. दगडी कोळशापासून केलेला गॅस, मुख्यतः दिव्यांसाठी. मॉनच्या यंत्रात खाली गॅसच्या ज्योती, वरून येणारं पाणी त्या धगीतून खाली उतरायचं आणि गरम होऊन थेट टबात पडायचं. टाकी नाही, साठवण नाही, वाट बघणं नाही. हाच पहिला बिनटाकीचा हीटर. म्हणजे आज जो नवा म्हणून दुकानात दाखवतात तो दीडशे वर्षांहून जुना आहे.

हे त्या काळी किती नवलाचं असेल, विचार करा. तोवर तिकडच्या श्रीमंत घरांतसुद्धा खालच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात पाणी तापवून नोकराणी ते जिन्यानं वर वाहून न्यायच्या. आपल्याकडं रांगेत शेवटी सून, तिकडं मोलकरीण.

पण मॉनच्या यंत्रात एक मोठा दोष होता. धूर बाहेर न्यायला नळकांडं नव्हतं. गॅस जळून जी हवा तयार व्हायची ती न्हाणीघरातच राहायची. पुढच्या गीझरांना नळकांडी आली, तरी ते पेटवताना भक्कन आवाज करतात म्हणून लोक त्यांना घाबरूनच असत. आधी पाणी सोडायचं, मग गॅस. क्रम चुकला की पंचाईत.

साधारण वीस वर्षांनी गोष्ट अमेरिकेत गेली. एडविन रूड हा मूळचा नॉर्वेचा इंजिनियर, पिट्सबर्ग शहरात कामाला आलेला. त्या भागात जमिनीतून निघणारा गॅस मुबलक होता. १८८९ साली रूडनं टाकीचा हीटर केला, आणि त्यातली खरी युक्ती म्हणजे तो आपोआप चालायचा. टाकीतलं पाणी गार व्हायला लागलं की गॅस आपोआप वाढायचा, तापलं की कमी व्हायचा. कुणी जागं राहायला नको, कुणी लाकूड घालायला नको. आजही गॅसवर चालणाऱ्या टाकीच्या हीटरांमध्ये बहुतेकदा टाकीच्या मधून वर धुराचा नळ गेलेला असतो. त्याचं चित्र बघितलं तेव्हा मी एकटीच हसले. आमच्या आजीचा बंब! फरक इतकाच, की आजीच्या बंबाला आग कमी-जास्त करणारी आजी होती.

त्याच सुमारास, १८९१ साली, अमेरिकेतल्याच बाल्टिमोर शहरात क्लॅरेन्स केंप नावाच्या माणसानं तिसरीच वाट धरली. पत्र्याच्या टाक्या काळ्या रंगवल्या, काचेचं झाकण असलेल्या लाकडी पेटीत ठेवल्या आणि उन्हात मांडल्या. सूर्यावर पाणी तापलं. याची पहिली जाहिरात कुणासाठी होती, सांगू? उन्हाळ्यात बायका नोकराण्यांना घेऊन थंड हवेच्या ठिकाणी गेल्यावर मागं एकट्या राहिलेल्या पुरुषांसाठी! म्हणजे पाणी तापवायला घरात बाई उरली नाही, तेव्हा यंत्राची गरज पटली. ते वाचून मला आमच्या बैठकीतल्या काकू आठवल्या.

केंपचं यंत्र खरं चाललं ते कॅलिफोर्नियात, कारण तिथं ऊन भरपूर आणि कोळसा महाग. पॅसाडेना गावात १८९७च्या सुमाराला शंभरातल्या तीसेक घरांवर असे सौर हीटर होते असं सांगतात. पण रात्री पाणी गार पडायचं. मग १९०९ साली विल्यम बेली यानं उन्हात तापणाऱ्या नळ्या वेगळ्या केल्या आणि पाणी साठवायची टाकी वेगळी केली. टाकीला उबदार आवरण घातलं, आपण खीर-भाताचं पातेलं गोधडीत गुंडाळून ठेवतो तसं. दिवसाचं ऊन रात्रीच्या पाण्यात राहायला लागलं. आज गच्चीवर दिसणारा सोलर याच घराण्यातला. पुढं १९२०च्या दशकात लॉस एंजलिसच्या भागात स्वस्त गॅस मिळायला लागला आणि तिथला सोलरचा धंदा बसला. बेलीची कंपनी स्वतःच गॅसचे हीटर बनवायला लागली.

मला या सगळ्या इतिहासातून एक गोष्ट दिसली, ती अशी. बिनटाकीचा हीटर जन्मला तो नळातून गॅस येणाऱ्या शहरात. जे पाहिजे ते पाहिजे तेव्हा हजर असलं, तर साठवायचं कशाला? टाकी मात्र तिथं टिकली, जिथं इंधन किंवा ऊन किंवा पाणी आपल्या सोयीनं येत नाही, त्याच्या सोयीनं येतं. बेलीनं सूर्यासाठी टाकी बांधली, कारण सूर्य रात्री येत नाही. आमच्या आजीचा बंब टाकीचाच होता, कारण विहिरीचं पाणी शेंदून आणायचं आणि तुराट्या हळूहळू जळायच्या. मग आपल्या गावात काय अखंड येतं? माण-खटावकडच्या बायांनो, तुम्हीच सांगा.

आपल्याकडची गोष्ट थोडक्यात सांगते. १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळायला लागली. आमच्या वाडीत वीज आली तेव्हा माझी आई नुकती लग्न होऊन आली होती, म्हणजे मधे किती वर्षं गेली बघा. स्वयंपाकाचा गॅस मुंबईत १९५०च्या दशकात आला, इंडेनची पहिली जोडणी १९६५ साली कोलकात्यात मिळाली, आणि आपल्यातल्या कितीतरी जणींच्या घरात शेगडी आली ती २०१६च्या उज्ज्वला योजनेनंतर. विजेचा रॉड त्याच्या आधीच पोचला होता. बर्लिनमध्ये टेओडोर श्टीबेल यानं १९२४ साली पाण्यात बुडवायचा हीटर विकायला सुरुवात केली, त्याच जातीचा हा आपला बादलीतला रॉड. स्वस्त आहे, पण बटण चालू असताना पाण्यात बोट घालून बघायची सवय जिवावर बेतते. आधी बटण बंद, मग पिन काढायची, मग हात. एवढं बोलून पुढं जाते.

आणि मधल्या काळात आपण एक घोळ केला. इंग्रजांकडं गीझर म्हणजे बिनटाकीचा, लगेच पाणी देणारा. आपण टाकीवाल्यालाही गीझरच म्हणायला लागलो. म्हणून दुकानात नुसतं गीझर द्या म्हटलं की दुकानदार त्याच्याकडं जो जास्त शिल्लक असेल तो दाखवतो.

आता हिशेब. मी तो वहीत मांडला आणि आयटीआयला शिकवणाऱ्या आमच्या एका ओळखीच्या सरांकडून तपासून घेतला. वीस लिटरची एक बादली पाणी वीस अंशांनी तापवायला साधारण अर्धा युनिट वीज लागते. टाकीचा असो की बिनटाकीचा, पाण्याला लागणारी उष्णता तेवढीच. घरात पाच माणसं असली, प्रत्येकाला एक बादली धरली, तर दिवसाला अडीच युनिट, महिन्याला पंचाहत्तर. टाकीत पाणी तापवून ठेवलं आणि दिवसभर बटण चालूच राहिलं तर त्यावर आणखी वीज जाते, कारण टाकी गार होत राहते आणि पुन्हा तापत राहते. म्हणून टाकीच्या विजेच्या गीझरवर तारे असतात, जास्त तारे म्हणजे उब जास्त धरून ठेवणार. आणि आंघोळी उरकल्या की बटण बंद करायचं. हे केलं तर टाकीवर होणारा वायफळ खर्च थोडाच राहतो.

आता बिनटाकीचा विजेचा, तीन किलोवॉटचा. पूर्ण दाबाची वीज असेल तर तो मिनिटाला दोन लिटरच्या थोडं वर पाणी तापवतो. बादली भरायला नऊ मिनिटं. शहरात सिंकवर भांडी धुवायला ठीक आहे. पण आपल्याकडं पहाटे व्होल्टेज किती असतं? शेतातल्या मोटरी चालू झाल्या की ट्यूबलाइट उघडझाप करते. २३०च्या जागी १८० व्होल्ट आलं तर हा तीन हजार वॉटचा गीझर जेमतेम अठराशे वॉटचं काम करतो, कारण व्होल्टेज थोडं घसरलं तरी ताकद त्याहून जास्त घसरते. मग पाणी येतं ते थंडीच्या दिवसांत कोमट. टाकीच्या गीझरलाही कमी व्होल्टेजचा तोच त्रास होतो, पण तो फक्त वेळ जास्त घेतो. वीस मिनिटांच्या ऐवजी अर्धा तास. तोवर तुम्ही चहा ठेवा, शेण काढा. पाणी शेवटी कढतच मिळतं. पंधरा लिटरची टाकी साठ अंशांपर्यंत तापली, तर विसण घालून न्हाण्याजोगं तीस लिटर पाणी होतं. म्हणजे दीड बादली. मग पुन्हा थोडं थांबायचं.

शिवाय आपलं बोअरचं पाणी जड. हंड्याच्या तळाला पांढरा थर बसतो ना, तोच थर गीझरच्या आतही बसतो. बिनटाकीच्या गीझरमध्ये पाण्याची वाट अरुंद, ती लवकर चोंदते. टाकीच्या गीझरच्या कॉइलवरही थर बसतो, पण तो दोन-एक वर्षांनी उघडून साफ करता येतो. आणि एक साधी गोष्ट, जी आमच्या दोन मैत्रिणी पैसे भरून झाल्यावर विसरल्याचं लक्षात आलं: यातला कुठलाही गीझर चालायला न्हाणीच्या वर पाण्याची टाकी आणि नळ लागतो. जिथं अजून पिंपातून तांब्यानं पाणी घेतात, तिथं बंबच बरा.

आता गॅसच्या गीझरचं. मी आधी म्हणाले ना, मला शोधायची दुसरी गरज होती, ती हीच.

गॅसचा गीझर म्हणजे लंडनच्या त्या पहिल्या यंत्राचा थेट नातू. टाकी नाही, नळ सोडला की सेलवर ठिणगी पडते, ज्योत पेटते आणि तीन-चार मिनिटांत बादली भरते. वीज गेली तरी चालतो. हिशेबानं १४.२ किलोच्या सिलिंडरवर तीनशेच्या आसपास बादल्या निघतात, म्हणजे पाच माणसांना दोन महिने. त्यामुळं दोन वर्षांपूर्वी एका ताईंनी गॅसच्या गीझरसाठी कर्ज मागितलं तेव्हा मीच म्हणाले, हा बरा. त्या कर्जाच्या कागदावर समन्वयक म्हणून सही माझी आहे.

फिटरनं तो न्हाणीच्या आत बसवला. नळाजवळ, सोयीचा. न्हाणी पाच बाय चार फुटांची, वर एक लहान झरोका. पौषातली थंडी, वारा आत येतो म्हणून झरोक्याला प्लास्टिकचा कागद चिकटवलेला. ताईंची सून केस धुवायला गेली. केस लांब, वेळ लागला. बाहेर तिचा तीन वर्षांचा मुलगा दार वाजवत होता, आई उत्तर देईना. पाण्याचा आवाज चालूच. सासऱ्यांनी दार फोडलं. ती खाली पडलेली होती. अंगावर चादर टाकून तिला अंगणात आणलं, मोकळ्या हवेत. तालुक्याला नेलं, ऑक्सिजन लावला. वाचली. दोन दिवस डोकं जड होतं आणि उलट्या होत होत्या, मग बरी झाली. मी भेटायला गेले तेव्हा ती म्हणाली, "ताई, चक्कर येतेय हे मला कळलं होतं. कडी काढायला हात उचलला, पण पायच गेले."

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. गॅस जळायला हवा लागते. बंद न्हाणीत ज्योत हवा खात राहते, हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. स्वयंपाकाच्या गॅसला गळती कळावी म्हणून वास घातलेला असतो, पण हा वायू गळतीचा नाही, जळण्याचा आहे, म्हणून नाकाला पत्ता लागत नाही. तो रक्तात जाऊन प्राणवायूची जागा धरतो. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, आणि पाय लुळे पडतात. आजीचा बंब परसात का होता, हे मला त्या दिवशी समजलं. परसात होता म्हणून धूर परसातच गेला. १८६८च्या यंत्राला नळकांडं नव्हतं, आणि आमच्या गटाच्या कर्जातून घेतलेल्या गीझरलाही नव्हतं. मधे इतकी वर्षं गेली आणि मी इतिहास शिकलेली बाई त्या कागदावर सही करून मोकळी झाले.

तो गीझर आता न्हाणीच्या बाहेरच्या भिंतीला, पडवीत आहे. फक्त पाण्याचा पाइप आत जातो. सिलिंडरही बाहेर. ज्यांच्या घरी गॅसचा गीझर न्हाणीच्या आत आहे त्यांनी आज हे ऐकून झाल्यावर एवढं करा: झरोक्यावरचा कागद काढा, आणि गीझर बाहेर हलवेपर्यंत बादल्या भरून घ्या, गीझर बंद करा, दार थोडा वेळ उघडं ठेवा, मगच आत जाऊन आंघोळ करा. कुणी आत पडलेलं दिसलं तर आधी ओढून मोकळ्या हवेत आणा, मग १०८ला फोन.

आमच्या काकूंच्या अर्जाचं काय झालं ते सांगते. सोलरचाही विचार झाला. गच्ची आहे, ऊन तर आपल्याकडं भरपूर. पण एकरकमी पैसे जास्त आणि पावसाळ्यात पुन्हा दुसरी सोय बघावी लागते, म्हणून काकूच म्हणाल्या, पुढं बघू. बैठकीत मी वहीतला हिशेब वाचून दाखवला. हसलेल्या मावशींनी सगळ्यात जास्त प्रश्न विचारले. "घरात अर्थिंग आहे का?" हाही त्यांचाच प्रश्न. कुणाला माहीत नव्हतं. वायरमनला बोलावलं तर अर्थिंगची तार होती, पण जमिनीत गेलेलीच नव्हती, भिंतीमागं कापून ठेवलेली. मग कर्जाच्या रकमेतून आधी अर्थिंग, झटका लागला तर लाइन तोडणारं यंत्र, मग जाड वायर आणि सोळा अँपिअरचा वेगळा पॉइंट, आणि उरलेल्या पैशात पंधरा लिटरचा टाकीचा गीझर असं ठरलं. पाच तारे असलेला घेतला तर हप्ता थोडा वाढतो, काकू तयार झाल्या.

गीझर दिवाळीच्या आधी बसेल. परसातला बंब मोडीत द्यायचा असं काकूंचा मुलगा म्हणत होता, तांब्याला भाव चांगला आहे. काकूंच्या सासूबाईंनी नकार दिला. लाइट गेली तर काय करायचं, असं त्यांचं म्हणणं आहे, आणि त्या दिवशी संध्याकाळी सहा ते नऊ लाइट नव्हतीच, त्यामुळं मुलगा पुढं काही बोलला नाही.